वरच्या कपाटाचं दार

साखरेचा डबा आधी मुंगीच्या मांडीवर पडला, तिथून खाली, आणि मग गडगडत थेट ड्रायव्हरच्या सीटपर्यंत गेला. त्याच्या मागोमाग एक कप आला. तो मात्र गडगडला नाही. त्याचे तुकडेच झाले.

मामीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि गळ्यातली शिट्टी फुंकली. ती शाळेत खेळाची शिक्षिका होती, आणि सुट्टीतसुद्धा ती शिट्टी तिच्या गळ्यातून उतरत नसे.

"कोणी जागचं हलायचं नाही. काचा आहेत खाली. लागलं का कोणाला?"

कोणालाच लागलं नव्हतं. मुंगीच्या केसांत, कानांत आणि फ्रॉकच्या खिशात साखर होती. ओठाजवळचे दाणे जिभेने टिपत ती वर बघत होती. तिच्या डोक्यावरच्या लांबलचक कपाटाचं डावं दार सताड उघडं पडलं होतं आणि अजून हळूहळू झुलत होतं.

"पण मी खटका लावला होता," मामी म्हणाली. "निघताना स्वतः लावला होता."

"मग काय तो आपोआप उघडला?" मामा उठला. त्याने दारावर तळहात ठेवून जोरात दाबलं. टक्क. दार बंद. त्याने ओढून पाहिलं. हलेना. "बघ. कवळी बसावी तसं बसलंय."

मामा दातांचा डॉक्टर होता, त्यामुळे जगातल्या सगळ्या गोष्टी त्याला दातांसारख्या दिसत. ही गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. जुनी मालवाहू गाडी विकत घेऊन, वर्षभर दर रविवारी खपून त्याने तिचं फिरतं घर केलं होतं. आत ओटा, त्याच्याखाली कप्पे, एक शेगडी, एक छोटं सिंक, रात्री पलंग होणारा बाक, आणि बाकाच्या वर भिंतीला अडकवलेलं हे कपाट. कपाट तर त्याने एकट्याने बसवलं होतं. कोणी पाहुणा आला की आधी तो ते दाखवायचा.

बाकावर बसायचे मामाचा मुलगा कावळ्या आणि त्याची आतेबहीण मुंगी. मुंगीची मोठी बहीण, जिला सगळेच ताई म्हणत, समोरच्या एकट्या सीटवर बसायची. कावळ्याला कावळ्या म्हणत, कारण तो दिवसभर "का? का?" करायचा. मुंगीला मुंगी म्हणत, कारण गोड काही असेल तिथे ती हटकून सापडायची.

आणि बिस्किटांचा डबा होता वरच्या कपाटात, डाव्या दारामागे.

मामाने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा मुंगीकडे.

"मुंगे, निघायच्या आधी बाकावर चढली होतीस का?"

"नाही."

"खरं सांग. मी रागावणार नाही. उघडलंस आणि नीट लावलं नाहीस, एवढंच ना?"

"मी उघडलंच नाही, मामा."

"बरं, बरं," मामा म्हणाला. पण ते 'बरं' असं होतं, की ज्याचा अर्थ कोणालाही कळावा. मुंगी खिडकीकडे तोंड करून बसली. मुक्कामापर्यंत तिने खिशातली साखरही खाल्ली नाही.

तेवढ्यावरून ताईला कळलं की ती खरं बोलते आहे.

गाड्यांचा तळ एका तळ्याकाठी होता. मामाने गाडी उभी केली, चाकांखाली लाकडी पाचरा सरकवल्या, आणि मामी धुणं घेऊन नळावर गेली. तिघं मुलं कपाटासमोर उभी राहिली.

ताईने दार लावलं. अगदी हलक्या हाताने. टक्क. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. टक्क. कावळ्याने बाकावर उभं राहून गाडी डावी-उजवीकडे हलवायचा प्रयत्न केला. दार ढिम्म हललं नाही.

"काहीच बिघाड नाही," ताई म्हणाली.

"मग उघडलं का?" कावळ्या म्हणाला.

"मला विचारतोस?"

"मग कोणाला विचारू? मुंगीला विचारलं तर ती रडते."

"मी रडत नाही," मुंगी म्हणाली. "पण मामाला वाटतं मी खोटं बोलते."

ताईने तिच्या केसांतली उरलेली साखर झटकली. "थांब. आपण दाराला सील करू."

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी ताईने वहीच्या कागदाची एक पट्टी कापली आणि दोन्ही दारांवर आडवी चिकटवली. मामाला बोलावून दाखवली. मुंगीला त्या दिवशी समोरच्या सीटवर बसवलं आणि ताई स्वतः बाकावर बसली.

"हे काय, पोलीसचौकी उघडलीय?" मामाने विचारलं.

"तुम्ही फक्त बघून ठेवा मामा, की दार बंद आहे आणि कागद अख्खा आहे."

"अख्खा आहे. चला आता."

गावाबाहेरच्या खड्ड्यांवरून गाडी धाडधाड गेली. भांडी खणखणली, चमचे नाचले, झाकणं वाजली. कागद तसाच. मग सुरेख, गुळगुळीत, सरळ रस्ता लागला. मामी गाणं गुणगुणायला लागली. तेवढ्यात ताईच्या डोक्यावर फर्र असा आवाज झाला. तिने वर पाहिलं. कागद फाटला होता आणि दार उघडत होतं. बशांचा ढीग कडेला सरकत येताना तिला दिसला आणि तिने दोन्ही हात वर केले. एक बशी निसटलीच.

शिट्टी वाजली. गाडी थांबली.

"खड्ड्यांत नाही उघडलं," कावळ्या म्हणाला, "आणि सरळ रस्त्यावर उघडलं. का?"

मामाने दार जोरात दाबलं. टक्क. बंद. त्याने डोकं खाजवलं, मुंगीकडे पाहिलं, आणि काहीतरी म्हणेल असं वाटलं. पण त्याने फाटका कागद खिशात टाकला.

"आतलं सामान दाराला धक्का देतंय," शेवटी तो म्हणाला. "ठासून भरलंय सगळं. सामान नीट लावा, म्हणजे झालं."

"मी लावते ते नीट नसतं वाटतं?" मामीने विचारलं.

"तसं नाही म्हटलं मी."

"तसंच म्हणालास."

त्या दुपारी मुलांनी स्वयंपाकघर नव्याने लावायला घेतलं. सगळं सामान बाहेर गवतावर मांडलं. जड असेल ते खाली, हा नियम ताईने केला. कुकर, तवा, तेलाची बाटली आणि काचेच्या बरण्या ओट्याखालच्या कप्प्यात गेल्या, आणि बरण्यांच्या मध्ये कांदे-बटाटे ठासले, म्हणजे काचेला काच लागायला नको. चमचे एका जाड कापडात गुंडाळून बांधले. कप्प्यांच्या तळाशी रबरी जाळीची चटई कापून घातली. वरच्या कपाटात फक्त बशा, कप आणि बिस्किटं ठेवली. प्रत्येक दोन बशांमध्ये एक पंचा.

"कपांना काय घालायचं?" कावळ्याने विचारलं.

मुंगी आत गेली आणि मामाचे धुतलेले पायमोजे घेऊन आली. प्रत्येक कप एका मोज्यात बरोबर बसला.

"संध्याकाळी चहा कोणी पिणार नाही," कावळ्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली तेव्हा सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. खणखणाट नव्हता. चमचे गप्प होते. कुकरची शिट्टीसुद्धा खडखडत नव्हती.

"मुलांनो, कमाल केलीत," मामी पुढून म्हणाली. "मला इंजिन ऐकू येतंय."

ताईला मात्र आणखी काहीतरी ऐकू येत होतं. इतके दिवस भांड्यांच्या गोंगाटात ते बुडून गेलं असणार. बारीक, कुरकुरणारा आवाज. क्रीईक. थोडं थांबून पुन्हा, क्रीईक. जुनी खुर्ची कुरकुरावी तसा. तो दारातून येत नव्हता. तो दाराच्याही मागून येत होता.

आणि मग दार उघडलं. आत सगळं घट्ट गुंडाळलेलं होतं, कशाचाही धक्का लागत नव्हता, तरी ते शांतपणे उघडलं.

आता मात्र तिघांचीही मती गुंग झाली. दार उभ्या गाडीत नीट लागतं. चालत्या गाडीत उघडतं. खड्ड्यांत उघडत नाही, सरळ रस्त्यावर उघडतं. कोणी हात लावत नाही, आतून काही ढकलत नाही. मग ते उघडतं कसं?

"भूत आहे," कावळ्या म्हणाला.

"भुताला बशा कशाला हव्यात?" मुंगीने विचारलं. त्यावर कावळ्यालाच 'का' सुचेना.

जेवायला ते रस्त्याच्या कडेला थांबले. मामा-मामी झाडाखाली बसले होते. ताई दार लावायला आत गेली. हलकेच लावलं, तर लागेना. खटक्याची जीभ आणि तिची खाच एकमेकांना भेटतच नव्हती. एक खाली, दुसरी वर. तिने मामासारखा तळहात ठेवून जोर लावला. क्रीईक. टक्क.

तो आवाज ऐकून ताई थबकली. तिने दार पुन्हा उघडलं आणि पुन्हा दाबलं. क्रीईक.

"कावळ्या, मी दार दाबते. तू कपाटाची मागची कड बघ. भिंतीला लागते तिथे."

कावळ्या बाकावर चढला आणि गाल भिंतीला टेकवून बघू लागला. "फट आहे," तो म्हणाला. ताईने दाबलं. "गेली फट." तिने हात काढला. "आली परत. ताई, दार नाही हलत. अख्खं कपाट हलतंय."

मुंगीने पत्त्यांचा जोड आणला. कावळ्याने एक पत्ता फटीत सरकवला. गेला. दुसरा, तिसरा. मग पत्त्यांची एक जाडसर गड्डीच आत गेली. कपाटाचं उजवं टोक भिंतीपासून सुटून पुढे झुकलं होतं, आणि डावं टोक अजून धरून होतं. त्यामुळे चौकटच पिळवटली होती, आणि डाव्या दाराचा खटका जागेवरून सरकत होता.

"पण तळावर का नीट होतं?" कावळ्याने विचारलं. "तिथे तर एक पत्तासुद्धा गेला नसता."

ताई दारातून बाहेर आली आणि गाडीकडे लांबून पाहू लागली. गाडी रस्त्याच्या उताराने तिच्या दाराच्या, म्हणजे कपाटासमोरच्या बाजूला कललेली होती. तळावर मामा पाचरा लावून ती उलट बाजूला कलती ठेवायचा, म्हणजे सिंकमधलं पाणी नीट वाहून जाई. तिथे कपाट भिंतीवर रेलून बसायचं. इथे ते भिंतीपासून लोंबत होतं. आणि रस्ता तर जवळजवळ सगळीकडे असाच कडेला उतरता होता. फक्त खड्ड्यांत मामी गाडी मधोमध घ्यायची.

तिने हे सगळं त्या दोघांना समजावलं. कावळ्याने पहिल्यांदाच 'का' न विचारता मान हलवली. मुंगी बाकाकडे बघत होती. तिची रोजची जागा कपाटाच्या मधोमध, सुटलेल्या टोकाच्या बाजूला होती.

तिघं झाडाखाली गेली.

"मामा, कपाट भिंतीतून सुटतंय," ताई म्हणाली.

मामाने पावाचा तुकडा खाली ठेवला. "कुठलं कपाट?"

"वरचं. फटीत पत्ते जातात."

"अगं, लाकूड आहे ते. फुगतं, आकसतं. थोडी फट असतेच."

"थोडी नाही बाबा, अख्खी गड्डी जाते," कावळ्या म्हणाला.

"मी स्वतः बसवलंय ते, माझ्या हातांनी." मामाचा आवाज चढला नव्हता, पण कोरडा झाला होता. "स्क्रू मीच पिळलेत. आधी कागद, मग भूत, आता माझं कपाट. तुम्ही पोरं आता पत्तेच खेळा."

"एकदा बघून तर ये," मामी म्हणाली.

"मुक्कामावर बघतो."

मुक्कामावर गाडी भिंतीकडे कलली असेल, कपाट रेलून बसलेलं असेल आणि मामा म्हणेल, बघा, काही नाही. ताईला ते आत्ताच डोळ्यांसमोर दिसत होतं. शिवाय मुक्कामाच्या आधी घाट होता. वळणावळणाचा, लांबलचक उतार.

गाडीत परत बसताना ताईने मुंगीला समोरच्या सीटवर ढकललं, कावळ्याला बाकाच्या पार दुसऱ्या कडेला बसवलं आणि स्वतः त्याला चिकटून बसली. पण जितकं दूर सरकावं तितकं थोडंच होतं. कपाट लांबलचक होतं.

"हा घाट सुरू व्हायच्या आत बाबांना इथे आणायला हवं," कावळ्या कुजबुजला. "ते कशासाठीही उठत नाहीत. नकाशा बघत बसतात."

"एका गोष्टीसाठी उठतात," मुंगी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

घाटाच्या तोंडाशी रुंद मोकळी जागा होती. उतरण्याआधी ट्रक तिथे थांबून ब्रेक तपासून घेत. मामीनेही गाडी त्या बाजूला घेतली. ती थांबते न थांबते तोच मुंगीने हात गालावर ठेवला.

"मामा."

"काय गं?"

"हलतोय."

मामाने नकाशा बाजूला टाकला. दात हलतोय म्हटल्यावर तो स्वतःच्या लग्नातूनही उठून आला असता. "कुठला? उजेडात ये बरं. दारात बस, पायरीवर. आ कर. कुठला हलतोय, वरचा की खालचा?"

"वरचा."

"डावा की उजवा?"

"उजवा."

मामाने वाकून पाहिलं. बॅटरी लावून पाहिलं. "वरचे सगळे पक्के दिसतात गं. बोट ठेव पाहू नेमकं."

मुंगीने बोट वर केलं. ते तोंडाजवळ थांबलं नाही. ते तिच्या खांद्यावरून मागे वळलं आणि गाडीच्या आत, बाकाच्या वर जाऊन स्थिरावलं.

"तो," ती म्हणाली. "तो वरचा."

मामी फस्सकन हसली. मामाला हसावं की रागवावं कळेना. त्याने मुंगीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पेशंट म्हणतोय तर तपासायला हवं."

तो आत आला. बाकाजवळ उभा राहिला. अंगठा आणि बोटं कपाटाच्या उजव्या टोकाला लावली, दवाखान्यात लावायचा तशीच, आणि हळूच पुढे-मागे हलवलं.

क्रीईक.

मामाचा चेहरा बदलला. त्याने पुन्हा हलवलं, या वेळी जरा जोरात. भिंतीतून लाकडाचा भुगा झरझर खाली आला, आणि उजवं टोक हातभर खाली घसरून त्याच्या खांद्यावर टेकलं.

"अगं, पकड!" मामा ओरडला.

मामी धावली आणि डावं टोक तिने दोन्ही हातांनी धरलं. आता दोघंही कपाट डोक्यावर घेऊन उभे होते. खाली ठेवावं तर बाक आणि ओटा आडवा येत होता. सोडावं तर सगळं अंगावर.

"रिकामं करायला हवं," ताई म्हणाली. "मामा, तुम्ही हलू नका. कावळ्या, तू ओट्यावर चढ आणि मला दे. मी मुंगीला देते. मुंगे, गवतावर ठेव. पळू नको."

कावळ्याने दार उघडलं. पंच्यांत गुंडाळलेल्या बशा आल्या. मोज्यातले कप आले. हातातून हातात, गवतावर. कपाट तिरकं झालं होतं, तरी आतली एकही बशी फुटली नव्हती. सगळ्यात शेवटी बिस्किटांचा डबा आला. मुंगीने तो बाकीच्या सामानाबरोबर ठेवला आणि परत हात पुढे करून उभी राहिली.

"संपलं," कावळ्या म्हणाला.

रिकामं कपाट हलकं होतं. मामा आणि मामीने ते तिरकं करून दारातून बाहेर काढलं आणि गवतावर उपडं ठेवलं. मग मामा परत आत गेला आणि भिंतीतली भोकं बघू लागला. भिंतीला आतून पातळ प्लायवूडचा पडदा होता आणि त्याच्यामागे गाडीचे लोखंडी पट्टे. त्याचे सगळे स्क्रू नुसत्या प्लायवूडमध्ये गेले होते. लोखंडापर्यंत एकही पोहोचला नव्हता. उजवीकडची भोकं तर इतकी रुंद झाली होती की करंगळी जावी.

मामा बाहेर येऊन पायरीवर, मुंगीच्या शेजारी बसला. मामी खाली घाटाकडे बघत होती. तिथून रस्त्याची वळणं एकाखाली एक दिसत होती. तिच्या हातातली शिट्टी नुसतीच फिरत होती.

"उतारावर सुटलं असतं तर," ती म्हणाली आणि तिने वळून मुलांकडे पाहिलं.

"मुंगे," मामा म्हणाला, "मला वाटलं होतं तू खोटं बोलतेस."

"माहीत आहे मला."

"चूक झाली माझी. आणि तुम्हा दोघांचंही ऐकायला हवं होतं. पत्ते खेळा म्हणालो मी. त्या पत्त्यांनीच मुंगीची जागा रिकामी करवली." त्याने ताईच्या डोक्यावर हात ठेवला. "सगळ्या भांड्यांना गप्प केलंत, म्हणून हा आवाज ऐकू आला. मी तर वर्षभर हातोडी वाजवत होतो, मला कसा येणार?"

"बाबा, स्क्रू लोखंडात का नाही घातले?" कावळ्याने विचारलं.

"कारण लोखंड कुठे आहे ते मी शोधलंच नाही रे."

"का?"

"घाई," मामा म्हणाला. "आणि थोडी शेखी."

कपाट दोरीने बाकाला करकचून बांधून, मुलांना दुसऱ्या कडेला बसवून मामीने घाट अगदी मुंगीच्या पावलांनी उतरवला. खालच्या गावात मामाने लांब बोल्ट आणि चपट्या लोखंडी पट्ट्या आणल्या. भिंतीवर टिचक्या मारत जायचं काम कावळ्याला मिळालं. पोकळ आवाज आला की पुढे, भरीव आला की ताई तिथे खूण करी. भरीव जागा सापडेपर्यंत मामाने एकही भोक पाडलं नाही. बोल्ट घट्ट बसल्यावर तो कपाटाला दोन्ही हातांनी लोंबकळला, मग मामीला लोंबकळायला लावलं, आणि मग तिघांना एकदम. कपाटातून चकार आवाज आला नाही.

सकाळी निघायच्या वेळी मामीने किल्ली फिरवली नाही. ती मागे वळून बसली.

"आजपासून मुंगीने हो म्हटल्याशिवाय गाडी हलणार नाही," ती म्हणाली. "मामाने सांगितलं तरी नाही."

मुंगी उठली. तिने खालचा प्रत्येक कप्पा ओढून पाहिला. बरण्यांमधले बटाटे चाचपले. गॅस बंद आहे का ते वाकून बघितलं. बाकावर उभी राहून वरच्या कपाटाचे दोन्ही खटके तपासले, आणि कावळ्याने दिलेला पत्ता फटीत घालून पाहिला. पत्ता गेला नाही. मग ती मधल्या वाटेत येऊन थांबली आणि खाली बघू लागली.

"आता काय राहिलं?" मामाने विचारलं. तो नकाशा उघडून तयार बसला होता.

"हत्यारांची पेटी," मुंगी म्हणाली. "उघडी आहे. आणि बांधलेली पण नाही."

मामाने मामीकडे पाहिलं. मामीने खिडकीबाहेर पाहिलं. मग दातांचे डॉक्टर निमूटपणे उठले, पेटीचं झाकण लावलं, तिला पट्टा आवळला आणि तो पक्का आहे का हे मुंगीने ओढून बघेपर्यंत तिथेच उभे राहिले.